सुरतेची कोंडी

उधन्याहून भुसावळकडे निघालेल्या गाडीत गुजरातीपेक्षा अहिराणीच जास्त ऐकू येते. बारडोली, व्यारा, सोनगढ अशी स्टेशने घेत ती नवापूरला पोहोचते. नवापूरचे स्टेशन अर्धे गुजरातेत आणि अर्धे महाराष्ट्रात आहे. पुढे नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव. सुरतेच्या आग्नेयेला नवागाम, डिंडोली, लिंबायत आणि उधना असा जो मराठी पट्टा आहे, तो या ताप्ती लाइनने वसवला. शेतीने दगा दिला की खानदेशातला तरुण पिशवी उचलायचा, उधन्याला उतरायचा आणि गावच्या कोणाच्या तरी खोलीत पथारी टाकून लूमच्या खात्यात कामाला लागायचा. या वस्तीतल्या मुलांसाठी सुरत महापालिका आजही मराठी माध्यमाच्या शाळा चालवते.

सप्टेंबर १९९४ च्या शेवटच्या आठवड्यात ही लाइन उलटी वाहू लागली. शहरात प्लेग आल्याची बातमी २२ तारखेला पसरली आणि पुढच्या चार-पाच दिवसांत काही लाख लोक सुरत सोडून गेले. नेमका आकडा कोणीच मोजला नाही. तीन लाखांपासून सहा लाखांपर्यंतचे अंदाज सांगितले जातात. १९९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या जेमतेम १५ लाख होती. म्हणजे अगदी कमीतला अंदाज धरला तरी पाचातला एक माणूस बाहेर पडला. त्यांत लूम कारीगर होते, हिरे घासणारे होते आणि खासगी दवाखान्यांना कुलपे लावून निघालेले डॉक्टरही होते. केमिस्टांकडे टेट्रासायक्लिन मिळेना. शाळा, कॉलेजे, सिनेमागृहे बंद झाली. सिव्हिल हॉस्पिटलमधून रुग्ण पळून जाऊ लागले, तेव्हा तिथे रॅपिड ॲक्शन फोर्सचे जवान उभे करावे लागले.

धुळे आणि जळगाव जिल्ह्यांना (नंदुरबार तेव्हा धुळ्यातच होते, जिल्हा झाला तो १९९८ मध्ये) आपलीच माणसे परत येताना पाहून आनंद व्हावा की धडकी भरावी, हे कळेना. मुंबईत सुरतेकडून येणाऱ्या प्रवाशांची स्टेशनवर तपासणी सुरू झाली आणि संशयितांची रवानगी कस्तुरबा रुग्णालयात होऊ लागली. कोंडी अशी आतून सुरू झाली. जगाने दारे लावली ती त्यानंतर.

तीन वर्षांपूर्वीच भारताने स्वतःची दारे उघडली होती. जुलै १९९१ मध्ये परकीय चलनाची तिजोरी रिकामी व्हायला आली असताना रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने बाहेर धाडले आणि त्यावर कर्ज काढले. त्याच महिन्यात मनमोहन सिंग यांनी नव्या धोरणांचा अर्थसंकल्प मांडला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक कर्ज घेऊन आले आणि अटीही घेऊन आले. चार दशके परवाने, कोटे आणि आयातबंदीच्या भिंतीआड राहिलेला देश बाहेर येऊ लागला, त्याची ही परिचित कथा आहे. सुरत या नव्या भारताचा नमुना म्हणून दाखवता आली असती. इथले कृत्रिम धाग्याचे कापड देशभर जात होते आणि जगातल्या बारीक हिऱ्यांपैकी बहुतेक हिरे इथल्या घंट्यांवर, म्हणजे घासण्याच्या चाकांवर, घासले जात होते. पैसा वाहत होता. त्याच वेळी शहराची गटारेही वाहत होती, पण रस्त्यावरून.

आणि मग १९९४ मध्ये ज्या जगाकडे दार उघडले होते, त्यानेच ते पलीकडून लावून घेतले. आखाती देशांनी भारताशी असलेली विमानसेवा थांबवली. संयुक्त अरब अमिरातींनी मालवाहतूकही रोखली. रशियाने भारतातून येणाऱ्यांना सहा दिवस वेगळे ठेवण्याचा आदेश काढला. युरोपच्या विमानतळांवर भारतीय प्रवाशांची वेगळी रांग लागू लागली. पर्यटकांनी आरक्षणे रद्द केली, खरेदीदारांनी भेटी पुढे ढकलल्या. देशाच्या एकूण नुकसानीचा अंदाज पुढे सुमारे १७० कोटी डॉलर इतका मांडला गेला. अमेरिकेने मात्र विमाने बंद केली नाहीत. उतरणाऱ्यांवर लक्ष ठेवले, लक्षणे दिसतील त्यांना तपासले. असे १३ संशयित निघाले आणि त्यांतल्या एकालाही प्लेग नव्हता. जगभरात कुठेही भारतातून प्लेग पोहोचल्याचा एकही प्रकार सिद्ध झाला नाही. देशात मृत्यू झाले पन्नासच्या वर, आणि त्यांतले बहुतेक सर्व एकट्या सुरतेत. जागतिक आरोग्य संघटनेने प्रवासावर किंवा व्यापारावर बंदी घालण्याची शिफारस कधीच केली नव्हती.

हे काही पहिल्यांदा घडत नव्हते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९७ च्या आरंभी युरोपातल्या राष्ट्रांनी फक्त याच विषयावर व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. मुंबईच्या मालाचे काय करायचे, हा तिथला प्रश्न होता. त्या वर्षी मुंबईहून हजला जाणाऱ्या यात्रेकरूंची जहाजे थांबवण्यात आली. त्याच दबावाखाली इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. पुण्यात घरोघर सोजीर घुसले आणि त्यांना धाडणाऱ्या रँडचे पुढे काय झाले, ते महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. पण तेव्हाही कोंडीच्या पाठोपाठ मदत आली होती. जर्मनी, ऑस्ट्रिया, रशिया, इटली, इजिप्त अशा देशांची संशोधक पथके मुंबईत उतरली. ओडेसात जन्मलेल्या वाल्डेमार हाफकिनने ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या जागेत प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःलाच टोचून घेतली. पॉल-लुई सिमोंद या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत प्लेगचा जंतू उंदरावरच्या पिसवेमार्फत माणसात येतो हे दाखवून दिले. ऑस्ट्रियन पथकातला हेर्मान म्युलर मुंबईहून सुखरूप व्हिएन्नाला परतला आणि तिथे, मुंबईहून नेलेल्या जंतूंवर प्रयोग चालू असताना पसरलेल्या संसर्गाने १८९८ मध्ये मरण पावला. बाहेरून आलेल्या ज्ञानाची किंमत दोन्हीकडे मोजली गेली होती.

शंभर वर्षांनंतर या ज्ञानाचे काय झाले होते? १९६६ मध्ये कर्नाटकातल्या कोलार भागात शेवटचे प्लेगरुग्ण आढळले. त्यानंतर अठ्ठावीस वर्षे काहीच नाही. रोग नाही म्हटल्यावर त्याच्यावर नजर ठेवणारी यंत्रणा हळूहळू सुस्तावली. प्लेगचा जंतू प्रयोगशाळेत ओळखता येईल अशी माणसे आणि साधने मोजक्याच ठिकाणी उरली. जंगली उंदरांमधला प्लेग मात्र माणसाच्या फायली बंद झाल्या म्हणून संपत नाही.

तो पुन्हा दिसला महाराष्ट्रातच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. शेजारच्या बीड जिल्ह्यातही हादरे बसले. भिंतींना भेगा गेलेली घरे सोडून लोक बाहेर राहू लागले. घरात धान्य तसेच पडून होते आणि उंदरांना मोकळे रान मिळाले. ऑगस्ट १९९४ मध्ये बीडच्या मामला गावात आधी पिसवांचा त्रास वाढला आणि मग महिन्याच्या अखेरीस काखेत नि जांघेत गाठी घेऊन रुग्ण येऊ लागले. हा गाठीचा प्लेग होता. त्यावर औषध होते, लोक बरे झाले, आणि तो सुरतेसारखा गाजला नाही.

सुरतेत आला तो फुप्फुसाचा प्लेग, खोकल्यातून माणसाकडून माणसाकडे जाणारा. सप्टेंबरच्या सुरुवातीला उकाई धरणातून पाणी सोडल्यावर तापीचे पाणी सखल वस्त्यांत शिरले होते. पूर ओसरला तेव्हा चिखल, मेलेली जनावरे आणि कचरा मागे राहिला. गणपतीचे दिवस होते, रस्ते माणसांनी फुलले होते. वेड रोडच्या परिसरात पहिले मृत्यू झाले. बीडचा प्लेग सुरतेला कसा पोहोचला, किंवा तो तिथूनच आला का, यावर तज्ज्ञांत एकमत झाले नाही. ताप्ती लाइनच्या वस्त्यांकडे मात्र बोटे लगेच वळली. बाहेरून आलेल्या मजुरांनी रोग आणला, असे म्हणणे सोपे असते. वेड रोड काही त्या आग्नेयेच्या पट्ट्यात नव्हता, तरीही.

जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक हिरोशी नाकाजिमा ऑक्टोबरमध्ये भारतात आले आणि त्यांच्याबरोबर आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचे पथक. त्यात कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सचे अमेरिकन प्लेगतज्ज्ञ होते. पथक बीडला गेले, सुरतेला गेले. त्यांनी आणले काय? पैशाच्या थैल्या आणल्या नाहीत. रक्तातली प्रतिपिंडे तपासण्याची साधने, जंतू वेगळा काढण्याची पद्धत, आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे विश्वासार्ह तिऱ्हाइताचा शब्द. भारत सरकार ‘साथ आटोक्यात आहे’ असे रोज सांगत होते. त्यावर दुबईही विश्वास ठेवत नव्हती आणि दादरही. तेच वाक्य संघटनेच्या जिनिव्हातल्या मुख्यालयातून आले तेव्हा विमाने हळूहळू पुन्हा उतरू लागली. कोंडी झालेल्या देशाला बाहेरची मदत म्हणून आधी काय लागते, तर आपल्या खरेपणावर कोणीतरी शिक्का मारणे. कर्ज त्याच्यानंतर कामाला येते.

तरी तो शिक्काही पुरता स्वच्छ उमटला नाही. बीडच्या बाबतीत पथकाची खात्री पटली. सुरतेत मात्र बहुतेक रुग्णांना नमुने घेण्याआधीच प्रतिजैविके सुरू झाली होती, नमुने नीट राखले गेले नव्हते, आणि जंतू हाती लागावा तसा लागला नव्हता. मग ‘हा प्लेग होताच कुठे?’ असा वाद पेटला आणि तो वर्षभर चालला. शेवटी व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने हा प्लेगच होता, असा निर्वाळा दिला. ज्या देशाने शतकापूर्वी जगाला प्लेगची लस दिली, त्या देशाला आपल्या दारचा प्लेग सिद्ध करायला इतका वेळ लागावा, ही गोष्ट त्या साथीइतकीच लाजिरवाणी होती, असे कोणी म्हटले तर ते चूक म्हणता येणार नाही.

साथ गेली. कचरा राहिला. निवडणूक होऊन मार्च १९९५ मध्ये गुजरातेत सरकार बदलले आणि मे महिन्यात सूर्यदेवरा रामचंद्र राव नावाचे आयएएस अधिकारी सुरत महापालिकेचे आयुक्त म्हणून आले. पुढच्या अडीच-पावणेतीन वर्षांत जे घडले त्याचे धडे प्रशासनाच्या पुस्तकांत शिकवले जातात. एस. आर. राव यांची घोषणा होती ‘एसी टू डीसी’. म्हणजे एअरकंडिशन्ड खोलीतून उठून डेली चोअर्सकडे, रोजच्या कामाकडे चला. अधिकाऱ्यांनी सकाळी रस्त्यावर असायचे, दुपारनंतर बैठकीत बसून सकाळी काय दिसले ते सांगायचे. शहराचे सहा झोन केले आणि प्रत्येक झोनच्या प्रमुखाला आयुक्ताचे बरेचसे अधिकार, पैसे खर्च करण्याच्या अधिकारासह, देऊन टाकले. वर फाइल पाठवली आहे, ही सबब संपली. मुख्य रस्ते रात्री झाडले जाऊ लागले. रस्त्यावर घाण टाकणाऱ्याला दंड, अस्वच्छ हॉटेलाला सील. अतिक्रमणे पाडताना सुरुवात गरिबाच्या टपरीपासून केली नाही, बड्या लोकांच्या बेकायदा बांधकामांपासून केली. त्यामुळे पुढचे हातोडे लोकांनी मुकाट्याने सोसले, काही ठिकाणी टाळ्याही वाजवल्या.

१९९६ मध्ये इन्टॅक या संस्थेने सुरतेला चंदीगडनंतरचे देशातले दुसरे स्वच्छ शहर ठरवले. साथीला जेमतेम दोन वर्षे झाली होती.

यातला एक तपशील सहसा कोणी सांगत नाही. या सुधारणेचा खर्च मुख्यतः जकातीतून निघाला. सुरतेत येणाऱ्या सुतापासून यंत्रांपर्यंत प्रत्येक वस्तूवर नाक्यावर भरलेली जकात हे महापालिकेचे मोठे उत्पन्न होते. गुजरातेतली जकात २००७ मध्ये बंद झाली, तोवर ते टिकले. म्हणजे शहर श्रीमंत होते, फक्त ते पैसे स्वतःवर खर्च करत नव्हते. परदेशी कर्जाची वाट पाहायची गरज नव्हती. जगाने सुरतेला रुपये दिले नाहीत, लाज दिली. अधिकाऱ्याच्या हाती अधिकार द्यायला नेहमी नाखूश असलेल्या नगरसेवकांनी आणि दंड भरायला नाखूश असलेल्या व्यापाऱ्यांनी अडीच वर्षे राव यांना फारसे अडवले नाही, याचे कारण त्या लाजेत आणि बुडालेल्या ऑर्डरींत शोधावे लागते. हिऱ्याच्या आणि कापडाच्या धंद्यातल्या माणसाला अस्वच्छतेचा हिशेब एकदा रोकडीत कळला की त्याला भाषण द्यावे लागत नाही.

राव यांची बदली झाली तेव्हा सगळे पुन्हा ढेपाळेल अशी भविष्यवाणी अनेकांनी केली. तसे झाले नाही. त्यांच्या मागून आलेल्या एस. जगदीशन यांनी गाजावाजा न करता तीच यंत्रणा चालू ठेवली. व्यक्तिपूजेच्या आपल्या सवयीमुळे राव लक्षात राहिले आणि जगदीशन फारसे कोणाला आठवत नाहीत. पण सुधारणा टिकली की नाही ते दुसऱ्या माणसाच्या काळातच कळते.

सगळे चित्र उजळ नव्हते, हेही नोंदवायला हवे. सुरतेतल्या सेंटर फॉर सोशल स्टडीजशी संबंधित राज्यशास्त्रज्ञ घनश्याम शाह यांनी या साथीवर ‘पब्लिक हेल्थ अँड अर्बन डेव्हलपमेंट : द प्लेग इन सुरत’ हे पुस्तक १९९७ मध्ये लिहिले. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन तर दक्षिण गुजरातच्या मजुरांचा अभ्यास कित्येक दशके करत आले आहेत. लूमच्या खात्यात बारा-बारा तास उभा राहणारा आणि एका खोलीत पाळीपाळीने झोपणारा कामगार शहराच्या नकाशावर नीट येत नाही, ही त्यांच्या अभ्यासातून वारंवार पुढे येणारी गोष्ट. झाडलेला रस्ता त्याच्याही गल्लीतून जातो, पण त्याचे छप्पर, त्याची पाळी, त्याची मजुरी या गोष्टींकडे कोणत्याही आयुक्ताची झोन-पद्धत फारशी वळली नाही. प्लेगच्या वेळी तो पळून गेला, याचे एक कारण भीती होती. दुसरे कारण असे की, आजारी पडलो तर या शहरात आपल्याला धरून ठेवणारे काहीच नाही, हे त्याला पक्के माहीत होते.

देशपातळीवर सुधारणा संथ झाली, पण झाली. १९९७ मध्ये संसर्गजन्य रोगांवर नजर ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प. जिल्हा रुग्णालयापासून उपकेंद्रापर्यंत दर आठवड्याला ताप, जुलाब, कावीळ यांचे आकडे वर पाठवण्याची जी पद्धत पुढे रुळली, ती तिथून आली. शहरी कचऱ्याबाबत अलमित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयाने बर्मन समिती नेमली आणि त्यातून घनकचऱ्याचे २००० सालचे नियम आले. सुरत उदाहरण म्हणून सगळीकडे होतीच.

पण सुरतेचा सर्वांत दूरवर पोहोचलेला परिणाम भारतात नाही, जिनिव्हात घडला. १९६९ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत पटकी, प्लेग, पीतज्वर अशा मोजक्या रोगांची यादी होती आणि तो रोग आढळला की कळवणे देशाला बंधनकारक होते. कळवले की शिक्षा. पेरू देशाने १९९१ मध्ये पटकी आल्याचे सांगितले आणि त्याची मासळी कोणी घेईना. भारताचे १९९४ मध्ये काय झाले ते वर आलेच आहे. खरे बोलणाऱ्याचे नुकसान होते, हे कळल्यावर पुढचा देश खरे कशाला बोलेल? मे १९९५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने हे नियम बदलण्याचा ठराव केला, तेव्हा पेरू आणि सुरत ही दोन्ही उदाहरणे समोर होती. काँगोतल्या किक्वित शहरात त्याच सुमारास इबोला पसरला होता. काम रेंगाळले. २००३ मध्ये सार्सने घाई केली आणि २००५ मध्ये नवे नियम मंजूर होऊन १५ जून २००७ पासून लागू झाले. आता रोगांची यादी हा पाया राहिलेला नाही. जगाला धोका ठरू शकेल अशी कोणतीही घटना कळवायची आहे. दुसऱ्या देशाला विमाने रोखायची असतील तर त्याला शास्त्रीय आधार दाखवावा लागतो. गरीब देशांना प्रयोगशाळा आणि पाहणीची क्षमता उभी करायला मदत करणे हेही कलमांत आले.

कलमे झाली म्हणजे स्वभाव बदलत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी करोनाचा ओमायक्रॉन प्रकार हेरून तत्परतेने जगाला कळवला आणि दोन-तीन दिवसांत युरोप-अमेरिकेने आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांची विमाने बंद केली.

राजकीय एकाकीपणातून बाहेर येणाऱ्या देशांच्या बाबतीतही आतले आणि बाहेरचे यांचा हिशेब असाच काहीसा असतो. म्यानमारने २०११ नंतर दारे किलकिली केली, तेव्हा जगाने सढळ हाताने स्वागत केले. निर्बंध उठले, जानेवारी २०१३ मध्ये पॅरिस क्लबच्या सावकार देशांनी जवळजवळ ६०० कोटी डॉलरचे कर्ज माफ केले. फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता परत घेतली. बाहेरून पैसा भरपूर होता, पण आत तो ज्यांच्या हाती टिकायला हवा होता त्या संस्थांकडे अधिकार नव्हता. सुरतेत उलट होते. पैसा आतला होता, अधिकार आतला होता. बाहेरून आला तो धक्का, थोडे शास्त्र आणि परत स्वीकारले जाण्याची शक्यता.

सुरतेकडे परदेशी मदत खऱ्या अर्थाने आली ती दुसऱ्या संकटानंतर. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून नऊ लाख क्युसेकहून अधिक पाणी सुटले आणि शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. या वेळी प्लेगसारखी साथ उद्भवली नाही. पाणी ओसरताच हजारो कामगार फावडी, चुना आणि औषध घेऊन गल्ल्यांत उतरले. १९९४ चा अनुभव कामी आला. मग रॉकफेलर फाउंडेशनने आशियातल्या शहरांसाठी उभारलेल्या हवामान-सक्षमतेच्या जाळ्यात इंदूर आणि गोरखपूरबरोबर सुरत घेतली गेली. उकाईच्या पाणलोटातल्या पावसापासून शहरातल्या वॉर्डापर्यंत पुराचा इशारा आधी पोहोचवण्याची व्यवस्था त्यातून उभी राहिली. २०१३ मध्ये सुरत क्लायमेट चेंज ट्रस्टची नोंदणी झाली आणि त्याच फाउंडेशनच्या शंभर शहरांच्या योजनेत पहिल्याच तुकडीत सुरतेचे नाव आले. इथे बाहेरचा पैसा तुलनेने थोडा होता. पण तो घेणारी महापालिका तोवर घेण्याजोगी झाली होती.

नवागामच्या जवळच, पांडेसऱ्यातल्या डाइंग आणि प्रिंटिंग मिलना २०१४ पासून महापालिका शहराचे सांडपाणी शुद्ध करून विकते. रोज ४० दशलक्ष लिटर क्षमतेचा तो प्रकल्प आहे. एकेकाळी रस्त्यावर वाहणाऱ्या पाण्याला आता मीटरवर मोजून बिल लावले जाते, हे राव यांच्या काळात कोणी सांगितले असते तर थट्टा वाटली असती. २०२० पासून तीन वर्षे स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरच्या मागे दुसरी राहिली आणि २०२३ च्या यादीत दोघांनी पहिला क्रमांक वाटून घेतला.

२०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत करोनाचे रुग्ण वाढले, तेव्हा शहरातला सर्वांत गरम झोन होता लिंबायत, म्हणजे तोच दाट मराठी पट्टा. १९९४ मध्ये मजुरांनी पळून जाऊ नये म्हणून सरकार विनवत होते, कारण ते रोग घेऊन जातील अशी भीती होती. आता टाळेबंदीने त्यांना जाऊच दिले नाही आणि ‘आम्हाला घरी पाठवा’ म्हणून सुरतेत मजूर पुन्हा पुन्हा रस्त्यावर उतरले. त्यांतले बहुसंख्य ओडिशा, उत्तर प्रदेश आणि बिहारचे. या वेळी रोगाचे नाव काय, हे सिद्ध करायला कोणाला वर्ष लागले नाही. महापालिकेची आरोग्य पथके घरोघर ताप मोजत होती, खासगी डॉक्टरांकडून रोजची माहिती येत होती आणि कोणत्या गल्लीत किती रुग्ण आहेत हे झोन ऑफिसात संध्याकाळपर्यंत कळत होते. खोलीत आठ-आठ जण झोपणाऱ्या लूम कारीगराने दोन हात अंतर कसे राखायचे, याचे उत्तर मात्र त्या ऑफिसातही नव्हते.